सोमवारची मोजणी

दानाची थाळी रविवारी देवाची,
सोमवारी सकाळी आठला माझ्या काउंटरवर.
मी कंपनीच्या दुकानातला कारकून.
लॉरेल फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया. डोंगर दोन्हीकडून इतके जवळ
की ऊनसुद्धा पाळी संपल्यासारखं तीनलाच निघून जायचं.

थाळीत डॉलर नसायचे. डॉलर फक्त वहीत असत.
थाळीत पितळी बिल्ले, कंपनीचं नाव कोरलेले, मधोमध भोक.
यांनीच पीठ, यांनीच रॉकेल,
सुरुंगाची दारू, आणि परमेश्वर.
मी ते सुतळीत ओवायचो, शंभराची माळ,
पाळकाच्या खात्यावर जमा मांडायचो,
आणि त्याच दुपारी पाळक येऊन
त्याच माळेतून डुकराचं खारं मांस न्यायचे.
एका बिल्ल्यावर मी कानशीनं खूण केली होती.
वर्षात एकोणीस वेळा तो माझ्याकडे परत आला.
उंटाचं आणि सुईच्या नेढ्याचं प्रवचन झालं
त्या दिवशी मी खिशात त्याचंच भोक चाचपत होतो.
करंगळीसुद्धा जात नव्हती.

चर्च कंपनीनं बांधलं. घंटा पिट्सबर्गहून आली,
खाणीच्या भोंग्याबरोबर, एकाच वाघिणीतून, एकाच पावतीवर.
पाळक क्राउच यांचा पगार आमच्या पगारातून कापला जायचा,
डॉक्टरच्या खाली, घरभाड्याच्या वर.
माणूस वाईट नव्हता. तापात रात्र रात्र बसायचा लोकांपाशी.
फक्त संप हा शब्द निघाला की त्यांच्या तोंडी
सैतान आपोआप यायचा,
एकाची जांभई पाहून दुसऱ्याला येते तसा.
पेनिंग्टनसाहेब पहिल्या बाकावरून उठून सांगायचे:
मालकी म्हणजे देवानं टाकलेला विश्वास,
मजुरी म्हणजे देवानं घेतलेली परीक्षा.
मला ते पटायचं. माझी कॉलर पांढरी होती.

व्हर्डी ब्लँकनशिपचा नवरा मार्चमध्ये खाणीच्या छताखाली गेला.
शवपेटी कंपनीची. पैसे तिच्या नावावर.
मीच मांडले, सव्वीस डॉलर.
खालच्या ओळीत काळं कापड, तीन वार.

मग एका रविवारी, प्रभूच्या प्रार्थनेत,
सगळे म्हणाले अपराध माफ कर,
आणि मागून, अर्ध्या श्वासाच्या उशिरानं, एकच आवाज:
ऋणं.

तिच्या माहेरी, डोंगराच्या पलीकडे, तसंच म्हणत.
चूक नव्हती. दोन्ही पाठ चालतात,
पाळकांनीच मला सांगितलं, कपाळ पुसत.
पण अपराधांचा हिशेब वर कुठेतरी असतो.
ऋणं माझ्याकडे होती,
पान एकशे बारा, निळी शाई.

पुढच्या रविवारी तिघी.
मग दाराशी उभे राहणारे इटालियन;
त्यांच्या भाषेत म्हणे दुसरा शब्दच नाही.
ओढ्याच्या वरच्या अंगाला काळ्या कामगारांचं वेगळं चर्च होतं.
तिथं काय म्हणत, आम्ही कधी विचारलं नाही.
क्राउच तेवढी ओळ आता मोठ्यानं म्हणू लागले,
इतक्या मोठ्यानं, की त्यांचा घसा बसला
आणि ती अधिकच स्पष्ट ऐकू येऊ लागली.

मे महिन्यात साहेबांनी बोलावलं.
टेबलावर घरं खाली करण्याच्या नोटिसा,
पंख्यानं उडू नयेत म्हणून वर बायबल.
किती जण? त्यांनी विचारलं.
अकरा, मी म्हणालो.
नावंही दिली, खातेक्रमांकासकट.

मोजण्यात मी कधी चुकत नाही.
पण त्या शेवटच्या रविवारी माझेही ओठ हलले होते.
काय म्हणत होते, मला ऐकू आलं नाही;
घंटा वाजत होती,
की भोंगा.