तिसरा ठिपका

सोंग्युलच्या नावातल्या उकारावर दोन ठिपके असतात.
आमच्याकडे नऊ वर्षं ते नव्हते.
यंत्र जागं होताना पडद्यावर जी ओळ उमटते,
आवृत्ती, तारीख, कुणी बांधलं,
तिच्यात ती नुसती सोंगुल.
तिनं कधी तक्रार केली नाही.
मीच केली, स्वतःकडे, एका गुरुवारी,
ब्योब्लिंगेनचं बर्फ धड पडत नव्हतं, धड थांबत नव्हतं,
दिवे घालवायच्या आधी तिचं नाव मी नीट लिहिलं.
एवढंच. काना नाही, मात्रा नाही,
दोन ठिपके.

शुक्रवारी यंत्र उठलं नाही.

ठिपक्यांना वजन असतं
हे या वयात मला ठाऊक असायला हवं होतं.
साधा उकार एका बाइटात मावतो,
ठिपकेवाला दोन मागतो.
ओळ एका बाइटानं लांबली,
तिच्या पाठीला पाठ लावून बसलेली यादी
एक घर पुढे सरकली,
आणि यादीच्या दारावर मी कधीकाळी ठोकलेली पाटी,
ते चिन्ह,
सम पत्त्यावरून विषमावर गेलं.

आता हा प्रोसेसर. जुन्या घराण्यातला, शिस्तीचा.
पत्ता शोधायची त्याची एक आज्ञा आहे,
ती अंतर जोड्यांनी मोजते:
इथून इतक्या जोड्या पुढे, इथून इतक्या मागे.
अर्धी जोडी तिला उच्चारताच येत नाही.
विषम घर तिच्या लेखी गावातच नाही.
करारात हे एका वाक्यात लिहिलंय,
आणि ते वाक्य दर ऑक्टोबरात
नव्या पोरांना मी वाचून दाखवतो,
कॉफी पाजून.

लिंकरनं ओरडायला हवं होतं.
आमचा म्हातारा लिंकर ओरडला नाही,
उरलेला एक त्यानं गुपचूप गिळला.
यंत्र एक घर अलीकडून वाचू लागलं,
सोंग्युलच्या ओळीअखेरचं शून्य
यादीतलं पहिलं समजून,
पहिल्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं,
अगदी आत्मविश्वासानं,
आणि मग काळा पडदा.

सोमवारी बैठक.
एकेहार्ट म्हणाला, ठिपके काढा, संध्याकाळी माल पाठवायचाय.
वाल्ट्राउट म्हणाली, नावापुढे एक रिकामी जागा सोडा, जुळेल.
जुळलं असतं.
पुढचं कुणीतरी नोकरीला लागेपर्यंत.
मी गप्प. गुन्हा माझा,
आणि गुन्ह्याचं नाव समोर बसून सफरचंद कापत होतं.

"नाव बरोबर आहे," सोंग्युल म्हणाली,
"नकाशा चुकलाय."
सुरी पुसली, लिंकरची स्क्रिप्ट उघडली.

त्या भाषेत 'आपण आत्ता इथे आहोत' हे
एका ठिपक्यानं लिहितात.
कोण, कुठून, कशाला, काही नाही, फक्त ठिपका,
आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर तो पुढे सरकतो.
तिनं पाटीच्या आधी त्याला एक ओळ सांगितली:
जिथे असशील तिथून समेवर ये,
मगच दार उघड.

सम असलास तर हलू नकोस.
नसलास तर एक पाऊल, त्यात शून्य भर.
ते शून्य कुणाचंच नाही.
ते कुणी वाचणार नाही.
मी मात्र त्या रात्री हेक्समध्ये शोधून पाहिलं,
होतं, तिच्या ओळीच्या शेवटाला लागून,
दोन शून्यं, एक तिच्या नावाचं,
एक नुसतं थांबलेलं.

यंत्र सव्वासहाला उठलं.
पडद्यावर सोंग्युल काराजा, ठिपक्यांसकट.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; एकेहार्टची बस होती.

आमच्या इमारतीला एकोणीस पायऱ्या आहेत.
ती नेहमी दोन-दोन चढते, हातात हेल्मेट, वर न बघता.
परवा तिच्या मागे होतो, मोजत.
नऊ झेपा.
मग ती थांबली,
उरलेली एक पायरी सावकाश चढली,
आणि मान न वळवता म्हणाली,
"मोजताय ना?"