आयएनजी म्हणजे रायलं

पंचायत समितीच्या ट्रेनिंगात सांगितलं होतं,
तुम्ही कमी बोला, पोरांना दोघादोघांत बोलू द्या.
म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर
मी चित्रं काढली, जोडीजोडीनं.
एकात विहिरीवर बाई आहे, दुसऱ्यात नाही.
एकात कुत्रा झोपलाय, दुसऱ्यात पळतोय.
पाठीला पाठ लावून बसायचं,
डोकवायचं नाही, विचारायचं. इंग्रजीत.

बोरखडीची शाळा, दारव्ह्याहून आत सात किलोमीटर.
सहावीचा पट एकवीस, पण डिसेंबर,
चौघं कापूस वेचायला गेलेली.
म्हणजे सतरा. म्हणजे आठ जोड्या
आणि उरला खेमराज.

आधी घोळ झाला यूचा.
आचल राठोडनं विचारलं, सर, यू म्हंजे तू का तुमी?
दोन्ही, म्हटलं.
पाटलाच्या नयनले बी यू आन् शिपायाले बी यू?
शिपायाला पण.
वर्ग जरा वेळ गप्प. मग मागून कोणीतरी,
मंग मास्तरले बी?
मी खडू शोधू लागलो.

दुसरी अडचण काळाची, ती आधीपासूनच होती.
पुस्तकात लिहिलंय, पळत आहे, झोपत आहे.
असं आमच्याकडे कोणी बोलत नाही.
महिनाभर मी पळत आहे, पळत आहे करत होतो
आणि पोरं रेडिओकडे पाहावं तशी माझ्याकडे पाहत.
एक दिवस चिडून विचारलं,
अरे खेमराज, काय करून रायला तू तिकडं?
लिहून रायलो जी.
तिथंच सापडलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:
आयएनजी म्हणजे रायलं.
डीएडच्या बाईंनी हाच शब्द माझ्या वहीतून
लाल शाईनं तीनदा खोडला होता.

तर खेमराज उरला.
मी बसलो असतो, पण मग जोड्यांत फिरणार कोण?
वच्छलाबाई खिचडी चुलीवर ठेवून
हात पुसत दारातून पाहत होती.
मावशी, बसा जरा. फक्त यस नाहीतर नो म्हणा.
तेवढं येते मले, म्हणाली,
आणि पदर खोचून त्याच्या पाठीला पाठ लावून बसली.

इज देअर अ ट्री? यस.
इज देअर अ डॉग? यस.
इज द डॉग स्लीपिंग?
ती कार्डाकडे बराच वेळ पाहत राहिली.
झोपला नाई बाप्पा. डोये मिटून पडून रायला नुसता.
कान उभे हायेत त्याचे.
चित्र माझं. कान मीच उभे काढलेले,
मला ठाऊक नव्हतं.
खेमराजनं वहीत लिहिलं, डॉग,
आणि पुढं बोटभर जागा सोडली.

गलका एवढा वाढला
की मुख्याध्यापक दारात येऊन परत गेले.
त्या गलक्यात मोनालीनं नाक वर केलं,
उठली, आणि थेट बोट दाखवून ओरडली,
मावशी! खिचडी इज बर्निंग!
यू आर सिटिंग!

वच्छलाबाई धावली.
सगळी जोड्या मोडून खिडकीला लोंबली.
शी इज रनिंग.
शी इज पोअरिंग वॉटर.
नो, नो, शी इज शाउटिंग.
एकानंही मागं वळून विचारलं नाही,
सर, बरोबर हाय का?

दुपारी ओळीत ताटल्या.
खेमराजनं तळाची खरवड मागून घेतली.
ती माझ्या ताटलीत वाढताना थांबली,
पोट्टी काय ओरडून रायली होती जी? बर्निंग म्हंजे?
जळून रायली, म्हटलं.
तिनं डाव कढईत आपटला.
आता कुठं जळून रायली?
जळली ना ते.