एका कान्याचं अंतर

काब्वेची खाण बंद पडून तीसेक वर्षं झाली
तरी चिबांबा म्हातारा पहाटे तीनला उठतोच.
भोंगा गेला, पाळी गेली,
अंगातलं घड्याळ तेवढं कुणी काढून नेलं नाही.

एकोणीस वर्षं त्यानं जमिनीखालून जस्त वर पाठवलं.
मालगाडीत भरलं की दक्षिणेकडे जायचं,
पुढे कुणाचं छप्पर व्हायचं, कुणाची बादली.
त्यानं कधी विचारलं नाही.

आज तो दवाखान्याच्या बाकावर बसलाय.
मांडीवर नात, लुबुतो. तिकडच्या बोलीत लुबुतो म्हणजे उजेड.
अकरा महिन्यांची, चार दिवस पोट वाहतंय,
चिमटीत धरलेली कातडी
जागेवर जायला वेळ लावते.

नर्स नामुकोलो चमच्यात गोळी टाकते,
वर उकळून गार केलेलं पाणी.
गोळी फुगते, ढासळते.
"काय आहे हे?"
"जस्त. रोज एक, चौदा दिवस."

म्हातारा इतका मोठ्यानं हसतो
की अख्खं बाक वळून बघतं.
"गाड्याच्या गाड्या भरल्या मी, पोरी.
आणि माझ्याच घरात
चमचाभर नाही?"
हसता हसता खोकला लागतो,
मग खोकलाच उरतो.

लुबुतो अर्धं थुंकते.
उरलेलं तो बोटानं पुसून स्वतःच्या जिभेला लावतो,
डोळे मिटतो.
"हीच. पाळण्यातून खाली उतरताना
दातांवर यायची ती."

मी मागच्या खोलीत काचपट्ट्या रंगवते.
भिंगाखाली जस्त दिसत नाही,
पण भांडण कशावरून चाललंय ते मला ठाऊक आहे.

जखम चिघळते तेव्हा पांढऱ्या पेशी धावत येतात, फुटतात,
आणि मरता मरता
आसपासचं सगळं जस्त मुठीत आवळून धरतात.
नकोसा पाहुणा दारात दिसावा
आणि बाईनं डब्याचं झाकण दाबून बसवावं, तसं.
जंतूही काही कमी नाही.
त्याच्याकडे चिमटे असतात, आकडे असतात,
बंद डब्यातूनही तो कण ओढून नेतो.

दुसरी एक पेशी मात्र उलट्या डोक्याची.
क्षयाचा जंतू ती सबंध गिळते
आणि उपाशी ठेवायचं सोडून
त्याला पंगतीला बसवते.
घ्या, अजून घ्या, माझी शपथ आहे.
जस्तावर जस्त वाढत जाते,
त्याचा जीव घुसमटेपर्यंत.
तोही बिलंदर. मागच्या दारानं
ताट रिकामं करत राहतो.

माझ्या भाषेत जस्त आणि जास्त यांच्यामध्ये
एक काना उभा आहे.
एवढ्याशा काठीवर तोल धरून
शरीर रात्रभर चालतं.
कधी पडतं.

खिडकीतून मळीचा काळा डोंगर दिसतो.
पोरं त्यावरून पत्र्यावर बसून घसरतात,
धूळ उडते.
जस्त गेलं परदेशी. त्याच्याच खडकातलं शिसं
मागे राहिलं, अंगणात, नखांत,
उजेड नावाच्या पोरीच्या रक्तात.
त्याला चमच्यातली गोळी नाही.

शेवटची पट्टी चिबांबाच्या थुंकीची.
निळ्यावर बघत जाते,
एक क्षेत्र, दुसरं, सतरावं.
एकोणिसाव्यात
दोन लाल काड्या, एकमेकींवर तिरक्या.

वहीत लिहिते. हात धुते. पुन्हा धुते.

बाहेर तो अजून बाकावरच आहे.
नात झोपलीये.
गोळ्यांच्या पाकिटामागे
नखानं त्यानं चौदा रेघा ओढल्यात,
आणि पहिलीवर आडवी काट मारलीये,
पाळी भरली की हजेरीच्या फळ्यावर मारायचा तशी.

"सांग," तो म्हणतो. "माझं काय जास्त झालंय?"