वजन आणि तोल

सप्टेंबरात लिफाफे फोडले.
केर्त्तूच्या लिफाफ्यात निघालं वजन,
ताउनोच्या लिफाफ्यात तोल.
त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदाच वेगळ्या खोल्या,
ताउनो म्हणाला, आणि हसता हसता भिंत धरली.

मी स्टॉपवॉचवाली.
खुर्चीतून पाच वेळा उठायचं, हात छातीशी.
केर्त्तू तेवीस सेकंद.
ताउनो तिसऱ्या खेपेला बसला तो बसलाच.

तळघरात वजनांची खोली.
घोट्याला वाळूची पट्टी, आधी अर्धा किलो,
मग एक, मग दीड.
केर्त्तू दात आवळून गुडघा सरळ करते.
जन्म गाईंच्या धारा काढण्यात गेला,
तिला वजनाचं काय कौतुक?
"वासरू याहून जड असतं," म्हणते,
"आणि लाथ मारतं."

वर, लाकडी जमिनीवर ताउनो
टाचेला चवडा भिडवत एका रेघेवरून चालतो,
मग एका पायावर उभा, डोळे मिटून.
बगळा म्हणावं तर
बगळे एवढा घाम गाळत नाहीत.

कोणता व्यायाम बरा, मला सगळेच विचारतात.
मुली फोन करतात हेलसिंकीहून.
म्हणून तर मोजतोय, मी सांगते.
नोव्हेंबरात ईसाल्मीला तीनलाच अंधार पडतो,
फाटकापासून टपालपेटीपर्यंत चाळीस पावलं,
चाळीसही काचेची.
रौहा तेवढ्यात पडली. खुबा.
तिच्या रकान्यात मी एक आडवी रेघ ओढली.

डिसेंबरात पुन्हा घड्याळ.
ताउनो पाचही वेळा उठला, धाप न लागता.
तोलाच्या वर्गात मांडीला एवढा जोर येत नाही.
आणि केर्त्तू एका पायावर,
नऊ, दहा, अकरा सेकंद,
जे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"घरी काय करता?"
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं,
कॉपी पकडल्यावर बाकावरची पोरं बघतात तसं.

शनिवारी सौना झाल्यावर, स्वयंपाकघरात.
साखरेच्या दोन पिशव्या जुन्या मोज्यांत घालून
ती त्याच्या घोट्यांना बांधते
आणि म्हणते, हळू, खाली आणताना हळू.
मग तो तिच्यासमोर उभा राहतो,
हात पुढे, पण न लावता.
डोळे मिट. मी आहे.

"म्हणजे सगळा अभ्यास नासवलात," मी म्हटलं.
"थोडा," ताउनो म्हणाला.
"साखर मात्र सांडली नाही," केर्त्तू.

खिडकीतून बघितलं: गाडीपर्यंत बर्फावरून
हातात हात घालून चालले होते.
कोण कुणाला धरून होतं
ते एवढ्या लांबून मोजता येत नाही.

वहीत लिहिलं: गटांची सरमिसळ,
हे जोडपं निष्कर्षातून वगळावं.
वजन आणि तोल यांतलं कोण सरस
ते उरलेल्या एकोणचाळीस जणांनी ठरवावं.

मग दार लोटलं.
हात छातीशी घेऊन त्याच खुर्चीत बसले,
वय एक्कावन्न,
घड्याळ चालू केलं.
चौथ्या खेपेला गुडघा बोलला.