दोनच पंख

नवतपा लागलेला. पाचपावलीच्या गल्लीत दुपारी
कुत्रंसुद्धा नालीवरच्या फरशीखाली जाऊन झोपतं,
अन् माझ्या पुढल्या खोलीत सात पोट्टे,
कारण आमच्याकडचा कूलर मोठा आहे.

एवढंच कारण.
कला वगैरे मी नंतर सांगायला लागले.

यंदाच्या लग्नांच्या पत्रिका जपून ठेवल्या होत्या,
ढोमणे-निखारे, पराते-हेडाऊ,
जाड कागद, सोनेरी कडा,
आत कुणाच्या तरी मामाचं नाव मोठ्या टायपात.
त्यातून भुंगे फार चांगले निघतात.
श्रावस्तीच्या सोनपाखराच्या पाठीवर
‘आपली उपस्थिती हाच आहेर’ आलं, अगदी मधोमध.
फरहीनच्या टोळाला गणपतीची सोंड आली.
ती म्हणाली, राहू द्या, उडताना कामी येईल.

पाय सहा, मी म्हटलं. मोजून घ्या.
आठ असले तर तो कोळी, किडा नाही.
दुर्वांकने पाच लावले.
सहावा कुठे?
“त्याचा ॲक्सिडेंट झाला, मावशी.”
ह्यावर काय बोलणार.

फेव्हिकॉल बोटांवर वाळला की सोलायचा,
हे त्यांना किड्यांहून जास्त आवडतं.
मलाही. बोटाच्या रेषांसकट निघतो,
जशी आपणच कात टाकून राह्यलो.

सुमेध मात्र कोपऱ्यात, पाठ करून.
वीजबिलाच्या पातळ कागदाचं
काहीतरी नखाएवढं चाललेलं.
काय रे हे?
“मच्छर.”
सगळे हसले. मच्छर कोणी बनवते का बे?
अन् तो, मान वर न करता,
“माह्या बाबाचं ऑफिस आहे ते.”

मी त्याला चार पंख कापून दिले.
किड्यांना चार पंख असतात,
पुस्तकात पाहिलं होतं.

पाचला गजभिये आले त्याला न्यायला.
महापालिकेची खाकी, पाठीवर फवारणीचा पंप,
अंगाला धुराचा वास.
दारातच थांबले, चप्पल काढावी की नाही ह्या विचारात.
पोराने तळहात पुढे केला.
त्यांनी चश्मा कपाळावर सरकवला,
तो तळहात उजेडाकडे वळवला
अन् खूप वेळ पाहिलं.
मला वाटलं, आता हसतील.

“मॅडम, ह्याले दोनच पंख राह्यतेत.
मागचे नसतेतच. त्या जागी गुंड्या असतेत, बारीक,
मोहरीहून बारीक. तोल सांभाळाले.”

मग खाली बसले, कात्री मागितली,
मागचे दोन पंख उडवले.
काळ्या पेनाने पाय रंगवले
मधे मधे पांढरं सोडत, “हा दिवसा चावते,”
अन् पंप पाठीवरून न उतरवता
एकेक गुडघा वाकवला, इतक्या हळू
की आम्ही सगळे बोलायचं विसरलो.
अठरा वर्षं मारतात ते ह्यांना.

उठता उठता नजर कूलरवर गेली.
“पाणी कधी बदललं?”
मी गप्प.

त्यांनी बाजूची खसची जाळी काढली, बॅटरी मारली.
“या रे पोट्टेहो, पाहा.”
आठ डोकी वाकली, एक माझं.
पाण्यात वळवळत होते ते,
स्वल्पविरामांसारखे, शेकड्याने.
दुर्वांक म्हणाला, ह्याईले पाय कवा येतेत?
“येऊ द्याचे नाही, बाळा.”

टाकी अंगणात उपडी केली.
तापल्या फरशीवर पाणी मिनिटभरही टिकलं नाही.
तेवढा वेळ सुमेधने आपला मच्छर
मुठीत झाकून धरला होता,
मूठ शर्टाच्या आत.

रात्री सतरंजी झटकली तेव्हा
वीजबिलाचे दोन पंख खाली पडले.
एक कोरा.
दुसऱ्यावर ‘थकबा’ एवढंच,
बाकीचं कात्रीने नेलेलं.