सातवा ठिपका

चोर्यांगच्या चढणीवर, बटणांच्या दुकानाच्या वर,
दुसऱ्या मजल्यावर आमची तीन टेबलं.
या देशात मालिशचा परवाना
ज्यांना दिसत नाही त्यांनाच मिळतो.
म्हणून मी, ह्वांग ओक-बुन,
एकतीस वर्षं बुसान शहराला मागून ओळखते.

चेहरे मला ठाऊक नाहीत.
माना ठाऊक आहेत.

पूर्वी गोदीतले लोक यायचे,
दुखणं कंबरेत, खारं, प्रामाणिक.
मासळीबाजारातल्या बायका यायच्या
टोपली डोक्यावरून उतरलीच नाही असे खांदे घेऊन.
आता बँकेतला, शाळेतली, परवाच बाळंत झालेली,
सगळ्यांचं एकच.
कवटी पुढे, हनुवटी पुढे,
आणि मान संपते तिथे एक मऊ उंचवटा, अर्ध्या लिंबाएवढा.
इथे याला कासवाची मान म्हणतात.
कासवाला निदान ती आत घेता येते.

सातव्या वर्षी मी बोटांनी वाचायला शिकले.
सहा ठिपके, एवढ्यात अख्खी भाषा.
मानेला मणके सात.
तो एक जास्तीचा ठिपका काय म्हणतो,
मला अजून नीट लागत नाही.
चाचपते, पुन्हा चाचपते.
बहुतेक असं काहीतरी:
थांब, एवढंच बघतो.

एक आई मुलीला घेऊन आली, सो-दामला.
"ताठ बस," ती म्हणाली. "ताठ बस म्हटलं ना."
तिचा आवाज तिच्या मांडीतून येत होता.
मान खाली असली की शब्द समोर पोचत नाहीत,
फरशीवर सांडतात.
मी काही बोलले नाही.
पैसे मुलीच्या मानेचे दिले होते.

मंगळवारी द्योक-हो येतो, जेवणाचे डबे पोचवणारा.
हेल्मेटचा वास, तळलेल्या कोंबडीचा वास.
पालथा पडतो, तोंड टेबलाच्या भोकात.
मी अंगठा रोवते
आणि खालून ऐकू येतं
टुक.
टुक-टुक.
हात लोंबते सोडून
पठ्ठ्या भोकातून फोन बघतोय.

"द्योक-हो."
"बंदच करतोय, काकू."
"बंद करायला एवढ्यांदा टोचावं लागतं?"
तो हसतो, हसताना मान सैल पडते,
तेवढ्यात मी गाठ गाठते.
मग टेबलाखाली पुन्हा थरथर,
आणि गाठ बोटांखालून
मासोळीसारखी निसटते.

काही सेकंदांत होकार दिला नाही
तर डबा दुसऱ्याला जातो, त्यानंच सांगितलं.
त्याच्या मानगुटीवर जे बसलंय
ते मालिशनं उतरणारं नाही.
मी अर्ध्या तासाचे पैसे घेते,
भूत उतरवण्याचे घेत नाही.
तरी दाबते. जरा जास्तच दाबते.

रात्री साडेनऊला दार लावते.
टॉवेलांच्या घड्या घालायच्या, दोन्ही हात गुंतलेले,
म्हणून फोन डाव्या खांद्यावर
आणि त्यावर कान दाबून
बेसबॉलची कॉमेंट्री.
आमचा संघ हरत असतो,
सावकाश, सवयीनं, आणि
चेंडू उंच गेला की समालोचक श्वास धरतो,
मीही धरते, टॉवेल अर्धा दुमडलेला.

शनिवारी गिऱ्हाईक नव्हतं.
पलीकडच्या टेबलावरचे म्हातारे प्यो म्हणाले,
"ये, आज तू झोप."
त्यांची बोटं माझ्या कानामागून उतरली.
थांबली.
परत वर गेली, जणू ओळ चुकली.

"ओक-बुन, ही मान खाली गेलेली नाही.
ही कललेली आहे.
कुणाचं ऐकतेस एवढं?"

मी सांगितलं नाही.
त्यांनी अंगठा रोवला.
आई गं.

त्यांच्या खिशात कोणीतरी बारीक आवाजात ओरडत होतं.
मी भोकातून, फरशीकडे तोंड करून, विचारलं,

"कितवा डाव?"