वीस मिलिसेकंद

व्हिसाच्या कागदावर मी संगणक अभियंता.
पण सूरच्या किनाऱ्यावर, खारं पाणी गोडं करणाऱ्या या प्लांटात
खलफान मुखैनी सगळ्यांसमोर मला
'आमची ड्रायव्हर' म्हणतो.
बिल्डिंगखाली बसणारे खरे ड्रायव्हर विचारतात,
बाई, गाडी कुठली?

आठ तोंडांचं एक जुनं कार्ड आहे.
पंपांची भाषा त्याला येते, कर्नलला येत नाही,
मध्ये दोन हजार ओळी
आणि त्या ओळींपाशी मी.

मावशीनं फोनवर विचारलं, कर्नल म्हणजे मिलिटरीतला का गं?
म्हटलं, नाही. आठळी. फणसातली.
मग मातीत घोळवून ठेव, म्हणाली,
नाहीतर कीड लागते.

कार्ड बनवणारी कंपनी कधीच बुडाली.
फाइलच्या माथ्यावर एक नाव आहे, बोहुस्लाव्ह,
आणि एक पत्ता, ज्यावर लिहिलेलं परत येतं.
माणूस पाहिला नाही, सवयी माहीत आहेत:
नावं आखूड ठेवतो,
कोड वाकडा झाला की शेजारी माफी मागतो.
चारशे बाराव्या ओळीवर थांबतो आणि लिहितो,
'इथे वीस मिलिसेकंद वाट पाहा.
का, ते मला माहीत नाही. काढू नका.'

जानेवारीत मी ती ओळ काढली.
थंडी होती, म्हणजे इथली थंडी, खिडकी उघडी ठेवण्याइतकी.
माहीत नाही, हे काय उत्तर झालं?
दहा वेळा यंत्र बंद केलं, चालू केलं,
दहाही वेळा कार्ड बोललं.
त्या दिवशी मी स्वतःला शुवा खाऊ घातलं.

जूनमध्ये, भर दुपारी, वीज गेली.
आली तेव्हा कार्ड मुकं.

खलफान मला एक शब्द बोलला नाही.
वही घेतली, टॉर्च घेतला,
समुद्र ओढणाऱ्या पंपांपाशी खाली उतरला
आणि काटे वाचून आकडे ओरडत राहिला.
वरून सजीवन ते वॉकीटॉकीवर मला पोचवत होता,
मल्याळी हेलात अरबी आकडे,
मी मराठीत लिहून घेत होते.
टाकीत अकरा तासांचं पाणी होतं.

नवव्या तासाला ऑसिलोस्कोपवर दिसलं.
तापलेल्या कपाटात कार्डाचा स्फटिक
जागा होताना डोलतो,
इथल्या गोदीतून नुकतंच पाण्यात सोडलेलं गलबत जसं
या कुशीवर, त्या कुशीवर, आणि मग सरळ.
सतरा मिलिसेकंद.
वरचे तीन कुणीतरी भीतीपोटी टाकलेले,
कुठल्याशा बर्फाच्या गावात बसून,
हा उन्हाळा अंगावर न घेता.

गावात कुणाला काही कळलं नाही.
संध्याकाळी नळ वाहत होते,
पोरं बाटल्या भरून फुटबॉलला गेली.

ओळ परत आणली. खाली लिहिलं:
'स्फटिक तापला असेल तर सतरा लागतात.
पाहिलं: सूर, जून.'
'काढू नका' हे त्याचंच राहू दिलं,
माझ्या हातून ते इतकं साधं उतरत नव्हतं.

आता पुढच्या आवृत्तीतून हा ड्रायव्हरच गाळायचं चाललंय.
विचारणा आली आहे: अजून कुणी वापरतं का?
वापरतं.
किती ठिकाणी?
एक, लिहिताना बोट जरा अडखळलं,
लग्नाच्या यादीत आपल्याकडचं एकच माणूस लिहावं तसं.

सांभाळणार कोण, हा शेवटचा रकाना.
बोहुस्लाव्हचं नाव खोडलं नाही, त्याखाली माझं घातलं.
पत्ता मात्र कंपनीचा दिला नाही.
व्हिसा मार्चपर्यंतच आहे.
माझा स्वतःचा दिला,
कुणी लिहिलंच, तर परत जायला नको.